मोडशी, कोकम आणि हिंग युरोपला समजावून सांगणारा गोव्याचा डॉक्टर: गार्सिया द ओर्ता

आमच्या आचऱ्यात पावसाळा लागला की एक शब्द हमखास कानावर पडतो. कुणी जास्त फणस खाल्ला, कुणाला शिळं बाधलं, पोट बिघडलं, उलट्या सुरू झाल्या की घरातली मोठी माणसं सांगून मोकळी होतात, 'मोडशी झाली.' मग जिरं, ओवा, पेज असं सुरू होतं.

साधा शब्द आहे. पण हाच शब्द पोर्तुगीजांच्या तोंडी गेला आणि 'मोर्देशी' झाला. तिथून फ्रेंचांकडे गेला. त्यांना काही तो कळेना, म्हणून त्यांनी आपल्या भाषेत बसेल असा उच्चार शोधला, 'मॉर द शियाँ'. फ्रेंचमध्ये याचा अर्थ होतो कुत्र्याचं मरण. पुढची कितीतरी वर्षं युरोपियन प्रवासी भारतात एक भयंकर रोग आहे आणि त्याचं नाव 'कुत्र्याचं मरण' आहे, असं लिहीत राहिले.

कारण तेव्हा मोडशी म्हणजे नुसतं पोट बिघडणं नव्हतं. तेव्हा तो शब्द कॉलऱ्यासाठी वापरला जायचा.

हा शब्द पोर्तुगीज वैद्यकाच्या छापील पुस्तकात नेऊन ठेवला तो गोव्यात राहणाऱ्या एका डॉक्टरने. नाव गार्सिया द ओर्ता. मुंबई बेट काही काळ याच्याकडे भाड्याने होतं, अहमदनगरच्या निजामशहाची नाडी याने तपासली होती, आणि मेल्यावर बारा वर्षांनी याची हाडं उकरून जाळण्यात आली.

पोर्तुगालमधून बाहेर पडणं का गरजेचं होतं?

ओर्ताचा जन्म 1500 च्या आसपासचा. गाव कास्तेलो द व्हिदे, पोर्तुगालमधलं, स्पेनच्या सीमेला लागून. त्याचे आईवडील मूळचे स्पेनमधले ज्यू. 1492 मध्ये स्पेनच्या राजाराणीने फर्मान काढलं की ज्यूंनी ख्रिश्चन व्हावं नाहीतर देश सोडावा. हजारो ज्यू सीमा ओलांडून पोर्तुगालमध्ये आले, त्यात हे कुटुंबही होतं. पण पाचच वर्षांत, 1497 मध्ये, पोर्तुगालनेही सक्तीचं धर्मांतर केलं. अशा लोकांना 'नवख्रिश्चन' म्हणत. बाप्तिस्मा झाला तरी संशय काही सुटत नसे. शनिवारी चूल पेटली नाही किंवा डुकराचं मांस खाल्लं नाही, एवढंही शेजाऱ्यांना पुरायचं.

गार्सिया हुशार होता. स्पेनमधल्या सालामांका आणि अल्काला या विद्यापीठांत तो वैद्यक शिकला, 1523 मध्ये परत आला, आधी गावी दवाखाना चालवला आणि मग लिस्बनला गेला. तिथे विद्यापीठात शिकवूही लागला. म्हणजे करिअर व्यवस्थित चाललं होतं.

पण हवा बदलत होती. नवख्रिश्चनांनी परवानगीशिवाय देश सोडू नये असा कायदा 1532 मध्ये आला. 1536 मध्ये पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशन सुरू झालं, म्हणजे धर्म नीट पाळता की नाही याची झडती घेणारं चर्चचं न्यायालय. या दोन तारखांच्या बरोबर मध्ये, मार्च 1534 मध्ये, ओर्ता जहाजात बसला. मार्तीं आफोन्सो द सोझा नावाचा बडा दर्यावर्दी सरदार भारताकडे निघाला होता, त्याचा डॉक्टर म्हणून. सप्टेंबरमध्ये जहाजं गोव्याला लागली. ओर्ता पुन्हा कधी पोर्तुगालला गेला नाही.

घारापुरी, मुंबई आणि अहमदनगर

पहिली काही वर्षं तो सोझाच्या मोहिमांबरोबर फिरला. 1534 सालीच त्याने घारापुरीची लेणी पाहिली आणि पुढे पुस्तकात लिहून ठेवली. नंतर परत बघितली तेव्हा त्यांची बरीच नासधूस झाली होती, अशी हळहळही त्यात आहे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसईच्या तहात वसई आणि आजूबाजूचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. त्यात मुंबईची बेटंही आली.

मुंबई बेट ओर्ताला 1554 च्या सुमारास मिळालं. विकत नाही, वर्षाला ठरावीक रक्कम भरायची अशा कायमच्या पट्ट्यावर. आज फोर्टमध्ये टाऊन हॉलच्या मागे नौदलाचं आयएनएस आंग्रे आहे. त्या आवारात पूर्वी पोर्तुगीजांचा एक वाडा होता आणि तो ओर्ताचा असं मानलं जातं. 1665 मध्ये इंग्रजांनी मुंबईचा ताबा घेतला, तो याच वाड्यात.

बेटावर तो कायमचा राहायला गेला नाही. त्याचं घर, बाग आणि दवाखाना गोव्यातच. मुंबईबद्दल त्याने लिहिलं मात्र आपुलकीने. आपल्या बेटावरच्या एका आंब्याच्या झाडाला वर्षातून दोनदा फळ येतं, एकदा नाताळच्या सुमारास आणि एकदा मे अखेरीस, हे तो ज्या कौतुकाने सांगतो, ते वाचून देवगडच्या कुठल्याही बागायतदाराची आठवण येईल. वसई-मुंबईकडे जमीन कसणारे कुणबी, बागा राखणारे माळी, वसुलीचा हिशेब ठेवणारे प्रभू आणि व्यापार करणारे पारशी यांच्याही नोंदी त्याच्याकडे सापडतात.

आणि मग अहमदनगर. बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारात ओर्ता अनेकदा गेला. शहाला औषध देणं हे काम होतंच, पण दोघांची मैत्री जमली ती दुसऱ्याच कारणाने. निजामशहाला रोगांची आणि औषधांची अरबी नावं माहीत होती, ओर्ताला लॅटिन. दोघं एकमेकांना शिकवायचे. दरबारात अरबी-फारसी हकीमही होते, त्यांच्याशी ओर्ताचे वाद झडायचे. अरबी वैद्यकाची नावं आणि मतं ओर्ता पुस्तकात इतक्या सहज वापरतो, त्यामागे या नगरच्या बैठकी आहेत.

1543: एकाच वर्षात तीन गोष्टी

1543 हे वर्ष नीट लक्षात ठेवा.

त्या वर्षी गोव्यात मोडशीची भयंकर साथ आली. माणसं सकाळी आजारी पडून संध्याकाळपर्यंत मरत होती. ओर्ताचा जुना मालक मार्तीं आफोन्सो द सोझा तेव्हा गव्हर्नर झाला होता. गास्पार कोरैया नावाच्या बखरकाराने लिहून ठेवलंय की गव्हर्नरने डॉक्टरांना एक प्रेत फाडून बघायला सांगितलं. आत सगळं ठीक दिसलं, फक्त जठर आक्रसून गेलं होतं, विस्तवावर धरलेल्या चामड्यासारखं सुरकुतलेलं. भारतातल्या शवविच्छेदनाच्या सगळ्यात जुन्या लेखी नोंदींपैकी ही एक.

इंटरनेटवर बऱ्याच ठिकाणी 'भारतातलं पहिलं शवविच्छेदन ओर्ताने केलं' असं छातीठोक लिहिलेलं दिसेल. कोरैयाने त्याचं नाव घेतलेलं नाही. ओर्ता तेव्हा गोव्यात होता, गव्हर्नरच्या जवळचा होता, त्यामुळे तो तिथे असणं अगदी शक्य आहे. पण शक्य असणं वेगळं आणि पुरावा असणं वेगळं.

दुसरी गोष्ट युरोपातली. त्याच 1543 मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझल शहरात आंद्रेयास वेसालियसचं शरीररचनेवरचं पुस्तक छापून आलं. तोपर्यंत युरोपातले डॉक्टर तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वीच्या गॅलेनचं वाक्य प्रमाण मानत. गॅलेनने बरंचसं प्राण्यांची शरीरं फाडून लिहिलं होतं. वेसालियसने माणसाची प्रेतं स्वतः फाडली आणि गॅलेनच्या चुका दाखवून दिल्या. ग्रंथात काय लिहिलंय यापेक्षा समोर काय दिसतंय ते बघा, हा विचार तिथून जोर धरू लागला.

तिसरी गोष्ट पुन्हा गोव्यातली. जेरोनिमो दियश नावाच्या एका नवख्रिश्चन डॉक्टरवर ज्यू धर्म मानत असल्याचा आरोप आला. गोव्यात इन्क्विझिशन सुरू व्हायला अजून सतरा वर्षं होती, तरी खटला झाला. आधी गळा आवळून मारलं आणि मग जाळलं. गव्हर्नर तोच, मार्तीं आफोन्सो द सोझा.

ओर्ताही नवख्रिश्चन डॉक्टर. शहरही एकच. दियशला जाळलं तेव्हा ओर्ताने काय पाहिलं, काय वाटलं, यावर त्याने एक अक्षर लिहिलेलं नाही. बडबड्या माणसाच्या पुस्तकातली ही शांतता मला सगळ्यात जास्त टोचते.

पुस्तक: गप्पांच्या रूपात औषधकोश

ओर्ताचं पुस्तक 10 एप्रिल 1563 रोजी गोव्यात छापून झालं. लांबलचक पोर्तुगीज नावाचा सुटसुटीत अर्थ 'भारतातल्या वनस्पती आणि औषधांबद्दलचे संवाद'. गोव्यात छापखाना येऊन जेमतेम सात वर्षं झाली होती. 1556 मध्ये जेझुइट पाद्र्यांकडे पहिला छापखाना आला, त्यावर धार्मिक पुस्तकं निघत. त्या काळात जुवांव द एंदें या मुद्रकाने हा वैद्यकाचा ग्रंथ छापला. छपाईच्या चुका इतक्या की शेवटी शुद्धिपत्राची पानंच्या पानं जोडावी लागली. भारतातल्या छपाईच्या इतिहासावर मूलभूत काम करणारे आपले अनंत काकबा प्रियोळकर. गोव्यातल्या इन्क्विझिशनवरचं पुस्तकही त्यांचंच, 1961 चं. ओर्ताच्या गोष्टीत हे दोन्ही विषय एकत्र येतात.

पुस्तकाच्या सुरुवातीला एक कविता आहे, गोव्याच्या व्हाइसरॉयला उद्देशून. कवी तेव्हा गोव्यात होता आणि कफल्लक होता. नाव लुईश द कामोंइश. नऊ वर्षांनी त्याचं महाकाव्य आलं आणि तो पोर्तुगालचा राष्ट्रकवी ठरला. त्याची छापून आलेली पहिली कविता गोव्याच्या औषधी पुस्तकात आहे.

पुस्तकात जवळपास साठ संवाद आहेत, वस्तूंच्या नावांच्या क्रमाने लावलेले. बोलणारे मुख्य दोघे. एक स्वतः ओर्ता. दुसरा रुआनो, स्पेनहून नुकताच आलेला जुना वर्गमित्र. हा रुआनो काल्पनिक आहे. तो विद्यापीठाची भाषा बोलतो, सारखे ग्रीक आणि रोमन ग्रंथांचे दाखले देतो. ओर्ता त्याला दरवेळी सांगतो की ते ठीक आहे, पण मी इथे राहतो, हे झाड माझ्या बागेत आहे, चल दाखवतो. एका ठिकाणी तर तो रुआनोला बजावतो की या मोठमोठ्या नावांनी मला घाबरवू नकोस, मी फक्त मला माहीत असलेलं खरं तेवढं सांगणार. स्पेनमध्ये असतो तर गॅलेनविरुद्ध बोलायची छाती झाली नसती, असंही तो कबूल करून टाकतो.

आता या गप्पांमध्ये आपल्या घरचं काय काय सापडतं ते बघा.

कोकम. ओर्ता या फळाला 'ब्रिंदांव' म्हणतो. गोव्यात आणि आपल्याकडे भिरंड म्हणतात, त्याचाच हा पोर्तुगीज अवतार. आतून रक्तासारखं लाल, अतिशय आंबट, साल सुकवून बाहेर पाठवतात आणि तिकडे ती व्हिनेगर म्हणजे शिर्का करायला वापरतात, असं तो सांगतो. मे महिन्यात अंगणात सोलं वाळत घालणाऱ्या कुठल्याही घरात ही माहिती नवीन नाही. नवीन होती ती युरोपला.

माड. खोबरं, काथ्या, तेल, गूळ सगळं येतं. सुरेपासून दारू कशी काढतात तेही. पहिल्या धारेच्या कडक दारूला इथले लोक 'फुला' म्हणजे फूल म्हणतात, चिंधी बुडवून काडी लावली की पेटते, आणि उरलेल्या हलक्या दारूला 'उर्राक' म्हणतात, अशी त्याची नोंद आहे. उर्राक हा शब्द आजही गोव्यात उन्हाळ्यात पाट्यांवर दिसतो, फक्त आता ती काजूची असते.

फणसाला इथले लोक 'पणस' म्हणतात, ही नोंदही आहे. चिंचेचं अरबी नाव 'तमर हिंद' म्हणजे भारताचा खजूर, पण ते खजुराचं झाड नाही, नावावरून गोंधळ होतो, असा खुलासा तो करतो. दालचिनीबद्दल युरोपात पक्ष्यांच्या घरट्यांतून काड्या चोरून आणतात वगैरे कहाण्या होत्या. ओर्ताने त्या सरळ उडवून लावल्या.

आंब्याच्या संवादात तर नाट्यच आहे. गप्पा चालू असताना निरोप येतो की मुंबईतला खंडकरी होडीने आलाय आणि त्याने आंब्यांची करंडी आणलीये. मग दोघांची आंब्यावर चर्चा.

हिंगाची गोष्ट माझी आवडती. विजयनगरात एका पोर्तुगीजाकडे उमदा घोडा होता, पण त्याला गॅसचा भयंकर त्रास. म्हणून राजा तो विकत घेईना. पोर्तुगीजाने घोड्याला पिठातून हिंग चारला, घोडा बरा झाला, राजाने विकत घेतला आणि विचारलं, कशाने बरा केलास? हिंग म्हटल्यावर राजा म्हणाला, यात नवल काय, हे तर देवांचं खाणं. पोर्तुगीज हळूच पुटपुटला की देवांचं कसलं, सैतानाचं. ओर्ता स्वतः हिंगाच्या वासाला जगातला सगळ्यात घाण वास म्हणतो, पण हिंगाची फोडणी दिलेली भाजी वाईट लागत नाही हेही प्रामाणिकपणे मान्य करतो.

भांगेच्या संवादात बहादूरशहाचा किस्सा आहे. त्याने सोझाला सांगितलं होतं म्हणे की रात्री मला पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान, अरबस्तान फिरून यावंसं वाटलं की थोडी भांग खाल्ली की झालं. धोत्र्याच्या संवादात गोव्यातली एक केस आहे. घरातल्या दासीने मालकिणीच्या जेवणात धोत्रा मिसळला, मालकीण वेड्यासारखी हसत बसली आणि दासी दागिने घेऊन पसार झाली. ओर्ताने उपचार केले, ते कसे केले तेही लिहिलंय.

मोडशीचा उपचार

कॉलऱ्याचं वर्णन वाचताना मात्र हसू येत नाही. नाडी बुडते, थंड घाम सुटतो, तहान भागत नाही, डोळे खोल जातात, पायाला गोळे येतात, झोप लागत नाही. जून-जुलैमध्ये जोर जास्त, आणि भरपूर खाणाऱ्यांना धोका जास्त, असं त्याचं निरीक्षण. आजच्या डॉक्टरने ही लक्षणं वाचली तर पहिलं नाव कॉलऱ्याचंच घेईल. आधुनिक काळातल्या युरोपियन डॉक्टरने भारतातल्या या रोगाचं केलेलं हे पहिलं तपशीलवार वर्णन मानलं जातं.

इथले लोक काय करतात हेही त्याने लिहिलं. मिरी आणि जिरं घातलेली तांदळाची कांजी पाजतात. हातपाय पट्ट्यांनी घट्ट बांधतात, म्हणजे गोळे कमी येतील. तळपायाला डागण्या देतात. डोळ्यांत पिंपळी घालून बघतात, माणसात किती जीव उरलाय ते.

यातल्या डागण्या आणि पिंपळी आपण सोडून देऊ. पण कांजी? कॉलऱ्यात माणूस मरतो तो मुख्यतः अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. आज तांदळाच्या पिठापासून केलेलं ओआरएस कॉलऱ्यात वापरलं जातं. त्या कांजीत मीठ किती होतं, पुरेसं होतं का, ते वेगळं. पण पेज पाजण्याची दिशा चुकीची नव्हती. त्याच वेळी युरोपातला डॉक्टर अशा रोग्याची शीर कापून रक्त काढायला निघाला असता.

शिकवणारे कोण होते?

ओर्ताची कामाची पद्धत त्याने उघडपणे सांगितली आहे. आधी आपली युरोपातली औषधं द्यायची. गुण आला नाही की इथल्या ब्राह्मण वैद्यांची. सोळाव्या शतकात विद्यापीठात शिकवलेला माणूस हे छापील पुस्तकात लिहितो, ही लहान गोष्ट नाही. एका संवादात तर हिंदू वैद्यच येऊन माहिती देतो.

पण म्हणून त्याला आजच्या चष्म्यातून थोर समतावादी करायची घाई नको. या वैद्यांना शरीररचना कळत नाही, यकृत कुठे आणि प्लीहा कुठे हेही माहीत नाही, ते फक्त अनुभवावर आणि वहिवाटीवर चालतात, असंही तो म्हणतो. म्हणजे औषध घ्यायचं, शास्त्र आपलं मोठं.

आणि घरात गुलाम होते. पुस्तकात आंतोनिया नावाची एक मुलगी दिसते. 'आंतोनिया, ते रोपटं आण', 'आंतोनिया, त्या फांद्या आण', असं म्हटलं की ती आणून देते. कुठलं झाड कुठे आहे, कुठल्या नावाने ओळखायचं, हे तिला माहीत असल्याशिवाय ती आणणार कशी? ती काय सांगत होती ते मात्र पुस्तकात फारसं येत नाही. ओर्ता मसाल्यांचा आणि रत्नांचा व्यापारही करायचा. त्यातून आलेला पैसा, त्यातून झालेली बाग, त्या बागेत राबणारे लोक, हे सगळं त्या औषधकोशामागे आहे.

तो चुकलाही. काळी आणि पांढरी मिरी वेगवेगळ्या वेलींची, काळ्या आणि पांढऱ्या द्राक्षांसारखी, असं त्याला वाटायचं. प्रत्यक्षात वेल एकच, फक्त पिकलेल्या दाण्याची साल काढली की पांढरी मिरी. प्राण्यांच्या पोटात सापडणाऱ्या बेझोआर नावाच्या खड्यावर त्याचा भलता विश्वास होता, तो कॉलऱ्यातही दिला जायचा.

पुस्तक तरलं, माणूस बुडाला

पुस्तक लिस्बनला पोचलं आणि तिथे 1564 मध्ये ते कारोलस क्लुसियस नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हाती लागलं. त्याने त्याचा लॅटिन सारांश केला, तो 1567 मध्ये अँटवर्पमध्ये छापला गेला. पोर्तुगीज फार थोड्यांना यायचं, लॅटिन युरोपभरच्या डॉक्टरांना. त्यामुळे ओर्ताची माहिती सगळीकडे गेली. पण क्लुसियसने गप्पा काढून टाकल्या. रुआनो गेला, आंतोनिया गेली, आंब्यांची करंडी आणि चेष्टामस्करी गेली. उरला कोश. 1578 मध्ये क्रिस्तोव्हांव द कॉश्ता या डॉक्टरने याच विषयावर स्पॅनिश पुस्तक काढलं, चित्रांसह. त्यातलं बरंचसं ओर्ताकडून घेतलेलं होतं.

इकडे गोव्यात 1560 मध्ये इन्क्विझिशन सुरू झालं होतं. ओर्ताच्या पुस्तकाला धक्का लागला नाही, उलट व्हाइसरॉयच्या आशीर्वादाने ते निघालं. पण घरात भीती असणारच. त्याच्या आईला आणि बहिणींना पोर्तुगालमधल्या इन्क्विझिशनचा तडाखा आधीच बसला होता आणि त्या 1549 च्या सुमारास गोव्यात त्याच्याकडे आल्या होत्या.

ओर्ता 1568 मध्ये वारला. नैसर्गिक मृत्यू, ख्रिश्चन दफन.

लगेच धरपकड सुरू झाली. बहीण कातारिना पकडली गेली. चौकशीत घरातलं सगळं बाहेर आलं. गार्सिया मनाने ज्यूच होता, मोझेसचाच धर्म खरा मानायचा, असे जबाब झाले. यात कातारिनाच्या स्वतःच्या नवऱ्याचाही जबाब होता. 25 ऑक्टोबर 1569 रोजी कातारिनाला गोव्यात जाहीरपणे जाळण्यात आलं.

मेलेल्या माणसावरही खटला चालायचा. तो चालला. 4 डिसेंबर 1580 रोजी ओर्ताची हाडं कबरीतून उकरून जाळण्यात आली. इन्क्विझिशनच्या नियमात हे बसत होतं. दोषी पळून गेला असेल तर त्याचा पुतळा जाळायचा, मेला असेल तर हाडं.

हे नंतर इतकं विस्मृतीत गेलं की 1886 मध्ये काउंट ऑफ फिकाल्योने ओर्ताचं मोठं चरित्र लिहिलं तेव्हा त्यालाही या खटल्याचा पत्ता नव्हता. गोव्यातल्या इन्क्विझिशनची बहुतेक कागदपत्रं नष्ट झाली. लिस्बनमध्ये जे वाचलं त्यातून 1934 मध्ये आगुश्तो द सिल्व्हा कार्व्हाल्यो या डॉक्टर-इतिहासकाराने हा सगळा प्रकार उजेडात आणला. म्हणजे साडेतीनशे वर्षं लोक ओर्ताला राजाचा निष्ठावान ख्रिश्चन वैद्य म्हणूनच वाचत होते.

हे कळल्यावर पुस्तक परत वाचणाऱ्यांना त्यात काय काय दिसू लागलं. प्रत्येक ग्रंथाला प्रश्न विचारणारा हा माणूस धर्माचा विषय आला की बाजूने निघून जातो. स्वतःच्या आईवडिलांबद्दल बोलत नाही. काल्पनिक रुआनोशी मनमोकळं बोलायची सोय त्याने करून घेतली, कारण खऱ्या माणसाशी तसं बोलणं परवडणारं नव्हतं, असंही म्हणता येईल. हा माझा अंदाज, पुरावा नाही.

पोर्तुगालने नंतर त्याला डोक्यावर घेतलं. युरो येण्याआधी तिथल्या 200 एस्कुदोच्या नाण्यावर ओर्ताचं चित्र होतं. लिस्बनसमोर आल्मादा शहरात त्याच्या नावाचं मोठं हॉस्पिटल आहे. आपल्याकडे पणजीत, चर्चजवळच्या म्युनिसिपल गार्डनला त्याचंच नाव आहे. गोव्याला गेलात तर पायऱ्यांवर फोटो काढून झाल्यावर पाच मिनिटं तिकडे वळा.

क्लुसियसच्या लॅटिन सारांशाची एक आवृत्ती 1579 मध्ये निघाली, पुढची 1593 मध्ये. दोन्हींवर लेखक म्हणून गार्सिया द ओर्ताचं नाव आहे. त्याची हाडं जाळली त्याच्या एक वर्ष आधी आणि तेरा वर्षांनंतर.